नवा पेशंट आणि पहिला तास

तुमचा प्रश्न मी असा समजले. तुम्ही एमएसडब्ल्यू करून तालुक्याच्या गावी एका व्यसनमुक्ती केंद्राच्या ओपीडीत समुपदेशक म्हणून रुजू झाला आहात. केंद्राचा चार पानी इनटेक फॉर्म म्हणजे दाखल करतानाचा माहितीचा फॉर्म आहे आणि तो पहिल्याच दिवशी पूर्ण भरून घ्या असा वरिष्ठांचा आग्रह आहे. पेशंट बहुतेक घरच्यांनी धरून आणलेले, 'मला काही प्रॉब्लेम नाही' म्हणणारे. फॉर्म भरला जातो, पण बरेच जण दुसऱ्यांदा तोंड दाखवत नाहीत. आधी विश्वास मिळवायचा की आधी तपासणी करायची, कुठली प्रश्नावली वापरायची आणि पिऊन आलेल्या माणसाचं काय करायचं, असं तुम्ही विचारलंय.

मला यातली खरी अडचण जरा वेगळी दिसते. तुमच्यासमोर बसलेला माणूस तुमच्याकडे आलेला नाही, त्याला आणलंय. बायकोची एक मागणी आहे, भावाची दुसरी, केंद्राची तिसरी. त्याला स्वतःला काय हवंय हे अजून कुणी विचारलेलंच नाही. त्यात आपण चार पानं काढतो आणि कधी सुरू केली, किती घेता, बायकोला मारता का, कर्ज किती, असं विचारत सुटतो. सगळी माहिती त्याच्याकडून निघून फाइलमध्ये जाते, त्याच्या हाती काही लागत नाही. परत येण्याचं कारणच त्याला मिळत नाही.

विश्वास आणि तपासणी ही दोन कामं धरली की कुठलं आधी हा वाद संपत नाही. मी ती एकच धरते. प्रश्न नीट विचारला आणि उत्तराचा अर्थ त्याच्याच पुढ्यात ठेवला, तर तपासणीतूनच ओळख होते. याला अपवाद एकच, जिवाचा धोका. तिथे ओळखपाळख बाजूला ठेवून आधी विचारायचं ते विचारावंच लागतं.

बरंचसं तुम्ही कुठे बसता यावरही आहे. सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत वीस मिनिटं मिळतात, निवासी केंद्रात पेशंट महिनाभर तिथेच असतो, कारखान्याने पाठवलेल्या कामगाराला नोकरी जाण्याची भीती असते. फोनवरचं काम तर आणखी वेगळं. शेजारच्या खोलीत डॉक्टर आहेत की पन्नास किलोमीटरवर, यानेही बरंच बदलतं. माझं बहुतेक काम दारूचं, त्याखालोखाल ब्राऊन शुगर म्हणजे हलक्या प्रतीचं हेरॉइन आणि अलीकडे एमडी म्हणजे मेफेड्रोन. त्यामुळे पुढचं उत्तर दारूकडे झुकलेलं असेल.

आधी जिवाचं बोलू. फॉर्मला हात लावण्यापूर्वी मी तीन गोष्टी विचारते. शेवटची दारू कधी घेतली? रोज साधारण किती? आणि याआधी कधी बंद केली होती तेव्हा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काय झालं होतं? तिसरा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. हात थरथरले, घाम फुटला, झोप उडाली इथपर्यंत ठीक. पण 'फिट आली होती' किंवा 'भिंतीवर किडे दिसायचे, कुणीतरी हाका मारतंय असं वाटायचं' असं उत्तर आलं, तर त्या दिवशी समुपदेशन नाही, डॉक्टर. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केली तर फिट साधारण पहिल्या दोन दिवसांत येते. भ्रम, ताप, गोंधळ असलेली गंभीर अवस्था दुसऱ्या ते चौथ्या दिवसात उभी राहते. तिच्यात माणूस दगावू शकतो. एकदा झालेलं पुन्हा होण्याची शक्यता जास्त असते.

म्हणून समुपदेशकाने पहिल्याच भेटीत 'आजपासून बंद करा, शब्द द्या' म्हणू नये. आपल्याकडे याला एक खास हंगाम आहे. गटारी झाली की श्रावण लागतो आणि अर्धं गाव एका रात्रीत बंद करतं. कधीमधी घेणाऱ्याला त्याचा त्रास नाही. पण सकाळी डोळे उघडल्यावर क्वार्टर लागणारा माणूस श्रावणाच्या दुसऱ्या दिवशी फिट येऊन पडतो, आणि घरच्यांना वाटतं देवाचं काही चुकलं. अशा माणसाने बंद करू नये असं नाही, औषधांच्या आधाराने करावी. थरथर आणि फिट रोखायच्या गोळ्या डॉक्टर देतात, थायमिन म्हणजे बी-१ जीवनसत्त्व देतात. दारूवर जगलेल्या, न जेवलेल्या माणसाला ग्लुकोजची बाटली लावण्याआधी थायमिन मिळालं पाहिजे, नाहीतर मेंदूला इजा होऊ शकते. हे काम आपलं नाही, पण ज्या दवाखान्यात तुम्ही चिठ्ठी देऊन पाठवता तिथे ते होतं का, एवढं माहीत करून घ्या.

बाकी नशांचं झटपट सांगते. ब्राऊन शुगरची टर्की, म्हणजे बंद केल्यावरचा त्रास, भयंकर असते, अंग मोडतं, जुलाब होतात, पण तरुण आणि एरवी धडधाकट माणूस तिने सहसा मरत नाही. धोका नंतर येतो. महिनाभर बंद राहिल्यावर शरीराची सवय उतरलेली असते, आणि तो पूर्वीइतकाच डोस घेतो. जेलमधून किंवा केंद्रातून नुकताच बाहेर आलेला पेशंट असेल तर हे त्याला पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा. झोपेच्या गोळ्या महिनोन्महिने घेणाऱ्यालाही एकदम बंद केल्यावर फिट येऊ शकते, आणि दारूबरोबर त्या चालू असतील तर तो सांगत नाही, विचारावं लागतं.

आत्महत्येबद्दल थेट विचारा. 'जगण्यात अर्थ नाही असं कधी वाटतं का? जीव द्यावा असा विचार आला का? या महिन्यात आला का?' विचारल्याने विचार डोक्यात घुसत नाही, उलट पुष्कळांना हायसं वाटतं. शेतकरी घर असेल तर फवारणीचं औषध कुठे ठेवलंय हेही विचारा आणि ते कुलपात किंवा शेजारच्याकडे ठेवायला त्याच भेटीत घरच्यांना सांगा. दारू पोटात असताना विचार आणि कृती यांत फार अंतर राहत नाही. त्या वेळी बाटली हाताशी नसणं मोलाचं असतं. केंद्र बंद असेल तेव्हासाठी टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर कागदावर लिहून द्या, तोंडी सांगू नका.

आता पिऊन आलेला माणूस. त्याची तपासणी करायची नाही, त्याला रागवायचंही नाही. आज आलात बरं झालं, आज नीट बोलणं होणार नाही, उद्या सकाळी घेण्याआधी या, एवढंच. सकाळी न घेता येणं जमतच नसेल तर तीच मोठी माहिती आहे. त्याला 'कमीत कमी घेऊन या' म्हणा आणि डॉक्टरांची वेळ जोडून द्या. घरी कुणाबरोबर जाणार हे बघा, गाडीची चावी नातेवाइकाकडे द्या. आणि तोंडाला वास आहे म्हणून बरळणं दारूचंच असेल असं धरू नका. काल पडून डोक्याला मार लागलेला, साखर उतरलेला, तापलेला माणूसही तसाच दिसतो. चाल तोल गेल्यासारखी, नजर विचित्र हलतेय, वेळकाळाचं भान नाही असं दिसलं तर थांबू नका, डॉक्टरांकडे पाठवा.

दुसरा मोठा भाग म्हणजे घरचे. आपल्याकडे पेशंट एकटा येत नाही. बायको, भाऊ, मेहुणा, कधी गावचा सरपंचसुद्धा येतो. सगळ्यांना आधी बोलायचं असतं आणि मुख्य म्हणजे त्याच्यासमोर बोलायचं असतं. मी सगळ्यांना एकत्र पाच मिनिटं बसवते आणि आज काय क्रमाने होणार ते सांगते. मग सगळे बाहेर, तो एकटा आत. त्यानंतर तो बाहेर आणि बायको किंवा आई आत. शेवटी पुन्हा सगळे मिळून दहा मिनिटं. त्याला आधी घेण्याचं कारण साधं आहे. त्याच्याआधी बायको माझ्या खोलीत अर्धा तास बसून बाहेर आली, तर आत जाताना तो आरोपी होऊनच जातो.

बायकोला एकटीला भेटताना फक्त तो किती पितो हे विचारू नका. तिला घरी मारहाण होते का, आज इथून गेल्यावर 'मला तिकडे का नेलंस' म्हणून काही होईल का, हे विचारा. ती हो म्हणाली तर तिच्या सुरक्षिततेची व्यवस्था हे वेगळं काम सुरू होतं. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालच्या संरक्षण अधिकाऱ्याचा नंबर तुमच्या भिंतीवर हवा, महिला हेल्पलाइनचा १८१ हवा. तिने जे सांगितलं ते घेऊन त्याला जाब विचारू नका. 'तुमची बायको म्हणते तुम्ही मारता' हे वाक्य तुमच्या खोलीत संपतं, तिच्या घरी संपत नाही.

तिला आणखी एक गोष्ट विचारायची असते, ती मी कुठल्याच छापील फॉर्मवर पाहिलेली नाही. जेवणातून काही औषध देताय का? 'पिणाऱ्याला न कळता दारू सोडवा' अशा जाहिराती वर्तमानपत्रात आणि एसटी स्टँडच्या भिंतीवर तुम्हीही वाचल्या असतील. त्या पुड्यांत काय असतं याचा भरवसा नाही, आणि पुष्कळदा शंका असते ती डायसल्फिरामची. हे खरं औषध आहे, डॉक्टर ते देतात, पण पेशंटला सांगून, त्याच्या संमतीने आणि तपासण्या करून. कारण ते पोटात असताना दारू घेतली तर चेहरा लाल होतो, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो, हृदयाचा आजार असलेल्याचा जीवही जाऊ शकतो. आमटीतून न सांगता दिलेल्या माणसाला यातलं काही माहीत नसतं. शिवाय कधीतरी त्याला कळतंच. मग तो घरचं जेवणही बंद करतो आणि तुमच्या गोळ्यांवरही विश्वास ठेवत नाही. बाईने हो म्हटलं तर तिला दोष देऊ नका, तिचा सगळा मार्ग संपल्यावर ती पुडीपर्यंत पोचलेली असते. पुडी बंद करायला सांगा आणि तिच्या परवानगीने त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

आता प्रत्यक्ष बोलणं. जिवाच्या धोक्याचे प्रश्न झाले की माझा पहिला प्रश्न व्यसनाबद्दल नसतोच. 'आज इथे यायची कल्पना कुणाची?' यावर खरं उत्तर देणं सोपं असतं. मग मी गुप्ततेचं सांगते, कारण त्याच्या डोक्यात तेच चालू असतं. मानसिक आरोग्य कायदा २०१७ मध्ये दारू आणि नशेमुळे होणारे मानसिक त्रासही येतात आणि तुमची माहिती गुप्त ठेवणं हा तुमचा हक्क आहे. मात्र तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल, किंवा लहान मुलावर लैंगिक अत्याचार होत असल्याचं कळलं, तर मला गप्प बसता येणार नाही. हे आधीच सांगितलेलं बरं. ब्राऊन शुगर किंवा एमडीचा पेशंट पोलिसांना घाबरून असतो. एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम ६४-अ मध्ये सेवनाच्या किंवा अल्प मात्रेच्या गुन्ह्यात स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेणाऱ्याला खटल्यापासून संरक्षण आहे, पण त्याला अटी आहेत. 'काही होणार नाही' अशी हमी मी देत नाही. मी पोलिसांना कळवायला बसलेली नाही, एवढं मात्र सांगते.

यानंतरचं बोलणं कसं जातं ते एका नमुन्यावरून दाखवते. हा कुणी एक माणूस नाही, अनेकांचं मिळून केलेलं आहे. रिक्षावाला, चाळिशीचा.

'घरच्यांनी आणलं ताई. मला तसं काही नाही.'

'म्हणजे तुमच्या मनाविरुद्ध बसलाय इथे.'

'तसं नाही. पण हिचं रोजचंच झालंय.'

'रोज कशावरून होतं?'

'पैशावरून. धंदा होतो सहा-सातशेचा, घरी जातात दोनशे.'

'आणि ते तुम्हालाही खटकतं.'

'खटकतं म्हणजे… पोरीची फी राहिलीय दोन महिने.'

बघा, पोरीच्या फीपर्यंत तो स्वतः आला. मी तिथे 'मग पिता कशाला?' म्हटलं असतं तर तो लगेच दारूची बाजू घ्यायला लागला असता: दिवसभर धूर खातो, अंग दुखतं, सगळेच घेतात. आपण बदलाच्या बाजूने वकिली केली की उरलेली बाजू त्याच्याकडे जाते. विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंगची पद्धत मांडली, पुढे स्टीफन रोलनिक यांच्याबरोबर ती वाढवली. तिचं मर्म माझ्या दृष्टीने एवढंच: बदलायचं कारण त्याच्या तोंडून यावं आणि समोरच्याच्या चुका सुधारण्याच्या आपल्या सवयीला आपणच आवर घालावा. नव्या समुपदेशकाला हेच सगळ्यांत अवघड जातं, कारण तो मदत करायलाच आलेला असतो.

दारूतून त्याला काय मिळतं हेही मी विचारते. झोप लागते, मित्रांत बसता येतं, मेलेल्या भावाची आठवण बोथट होते. हे घरी कुणी विचारत नाही. आणि हे कळल्याशिवाय सोडल्यावर त्या जागी काय ठेवायचं हे ठरवता येत नाही.

'श्रावण-गणपतीत मी हातही लावत नाही, म्हणजे मी व्यसनी नाही' हे वाक्य तुम्हाला आठवड्यातून एकदा ऐकू येईल. वाद घालू नका. महिना काढला म्हणजे ताकद आहे, हे मान्य करा. मग विचारा, त्या महिन्यात घरी काय वेगळं होतं? आणि पहिला घोट परत कुठल्या दिवशी, कुणाबरोबर घेतला? कुणी माळ घालण्याचा विचार बोलून दाखवला तर मी तो उचलून धरते. माळकऱ्याला गावात कुणी आग्रह करत नाही. असं संरक्षण माझ्या खोलीतून देता येत नाही. बेवडा, गर्दुल्ला हे शब्द तर नकोच, पण 'अल्कोहोलिक' हेसुद्धा पहिल्या भेटीत मी चिकटवत नाही. एए म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या गटाच्या मीटिंगमध्ये माणूस उभा राहून स्वतःला तसं म्हणतो ती त्याची निवड असते.

आता प्रश्नावली. दारूसाठी मी जागतिक आरोग्य संघटनेची ऑडिट वापरते. दहा प्रश्न, शून्य ते चाळीस गुण. ८ पासून पुढे पिणं धोक्याच्या पातळीत धरतात, १६ च्या पुढे नुकसान सुरू असण्याची शक्यता मोठी, २० किंवा जास्त असेल तर शरीर-मन दारूवर अवलंबून आहे का याची डॉक्टरी तपासणी हवीच. वेळच नसेल तर तिचे पहिले तीन प्रश्न तरी विचारा. एकापेक्षा जास्त नशा असतील तर त्याच संघटनेची अ‍ॅसिस्ट ही प्रश्नावली बरी. तिच्यात तंबाखूपासून गांजा, झोपेच्या गोळ्या, हुंगायचे पदार्थ, अफूजन्य पदार्थांपर्यंत प्रत्येकाचे गुण वेगळे निघतात. केज ही १९८४ साली प्रसिद्ध झालेली चार प्रश्नांची चाचणी सोपी आहे, पण ती आयुष्यभरातलं विचारते. दहा वर्षांपूर्वी सोडलेल्यालाही दोन 'हो' येतात. कुठलीही घेतली तरी ती चाळणी आहे, निदान नव्हे.

ऑडिटमध्ये 'किती ड्रिंक' असा प्रश्न आहे, तिथे सगळा घोळ होतो. आपल्याकडे कुणी ड्रिंकमध्ये मोजत नाही. एक प्रमाण ड्रिंक म्हणजे साधारण १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल, म्हणजे व्हिस्की-रम ३० मिलि. त्या हिशेबाने नाइन्टीत (९० मिलि) तीन, क्वार्टरमध्ये (१८० मिलि) सहा. स्ट्राँग बिअरची ६५० मिलिची बाटली ८ टक्क्यांची असेल तर जवळपास चार. 'फक्त बिअर घेतो' म्हणणाऱ्याच्या तीन बाटल्या म्हणजे दोन क्वार्टर, हे गणित त्याच्यासमोर कागदावर करा. पुष्कळदा तो स्वतःच चमकतो. हातभट्टीचं प्रमाण ठरलेलं नसतं, तिथे ग्लास आणि वेळा मोजा, आणि दिवसातला पहिला घोट किती वाजता हे विचारा. 'दोनच पेग' ऐकलं की पेग हाताने दाखवायला सांगा.

विचारायची पद्धत गुणांपेक्षा जास्त महत्त्वाची. मी कागद त्याच्या हातात देत नाही. वाचता न येणारे असतात, आणि वाचता येणाऱ्यालाही परीक्षेला बसल्यासारखं होतं. आधी परवानगी मागते: 'दहा प्रश्न आहेत, सगळ्यांनाच विचारतो, पाच मिनिटं लागतील. शेवटी आकडा येईल तो तुम्हालाच सांगेन. चालेल?' नाही म्हणाला तर त्या दिवशी राहू देते. हो म्हणाला तर आकडा खरंच सांगते. 'तुमचे २३ आले. २० च्या पुढे शरीराला सवय लागलेली असू शकते. तुम्हाला काय वाटतं हा आकडा बघून?' यानंतर गप्प बसायचं. तो म्हणेल जास्त आला, कमी आला, मशीन चुकलं. काहीही म्हणू दे. फाइलमध्ये जाणारी गोष्ट पहिल्यांदा त्याच्या हातात आलेली असते, त्यावर तो घरी जाऊनही विचार करतो.

तंबाखू सगळे विसरतात. चुना लावून चिमूट तोंडात ठेवूनच तो उत्तरं देत असतो आणि आपण विचारत नाही. बायकांच्या बाबतीत तर मिश्री हा प्रश्न वेगळा विचारावाच लागतो, कारण तिला तो नशा वाटत नाही, दात घासणं वाटतं. २०१९ च्या केंद्र सरकारच्या देशव्यापी पाहणीत दारू पिणारे पुरुष २७.३ टक्के आणि स्त्रिया १.६ टक्के आढळल्या. एवढ्या कमी असल्यामुळेच बाई केंद्रात आली तर बहुतेक वेळा फार उशिरा आणि फार लपूनछपून येते. तिच्यासाठी वेगळी वेळ ठेवा, पुरुषांच्या रांगेत बसवू नका.

चाळणीचा दुसरा अर्थ म्हणजे कुणाला आपल्याकडे घ्यायचं नाही. फिटचा इतिहास, भास, कावीळ किंवा पोटात पाणी, गरोदरपण, आत्महत्येचा ताजा विचार, अठराच्या आतला मुलगा: यांतलं काही असेल आणि तुमच्याकडे डॉक्टर नसतील, तर भरती करून घेणं म्हणजे धोका पत्करणं आहे. आणि उलटंही. ऑडिटचे १० गुण आलेल्या, कामावर जाणाऱ्या माणसाला महिनाभर निवासी केंद्रात टाकायचं कारण नाही. त्याला आकडा दाखवणं, नेमकं बोलणं आणि महिन्याने पुन्हा भेटणं एवढं पुष्कळदा पुरतं. घरचे मात्र 'आत टाका' म्हणूनच आलेले असतात.

'गाडी पाठवा, उचलून न्या' ही मागणीही येईल. काही ठिकाणी तसं चालतं हे मला माहीत आहे. मी त्यात नसते. संमतीशिवाय भरतीची वाट कायद्यात आहे, पण ती नोंदणीकृत मानसिक आरोग्य संस्थेत, तज्ज्ञांच्या तपासणीने आणि ठरलेल्या मुदतीची आहे. चार माणसांनी रात्री दंड धरून नेणं ती वाट नव्हे. तसा आणलेला माणूस सुटल्यावर थेट गुत्त्यावर जातो आणि व्यसनमुक्ती हा शब्द पुन्हा ऐकून घेत नाही.

तर माझ्याकडचा पहिला तास असा जातो: जिवाच्या धोक्याचे प्रश्न, सगळे मिळून पाच मिनिटं, मग तो एकटा आणि त्याचं म्हणणं, जमलं तर ऑडिट आणि त्याचा आकडा, घरचे वेगळे, आणि शेवटी पुढची तारीख. चार पानी फॉर्मचं पहिलं पान यात भरून होतं. बालपण, लैंगिक आयुष्य, घराण्यातले आजार, कर्जाचा तपशील हे दुसऱ्या-तिसऱ्या भेटीला. वरिष्ठांशी बोलताना 'फॉर्म नको' म्हणू नका. फॉर्म दोन भागांत करू, पहिलं पान पहिल्या दिवशी आणि बाकी तिसऱ्या भेटीपर्यंत, असा प्रस्ताव द्या. दोन महिने करून बघू आणि परत येणारे किती ते रजिस्टरवरून मोजू म्हणा. प्रशासनाला आकडा दाखवला की बोलणं सोपं जातं.

परत येण्याबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण तुमचं मूळ दुखणं तेच आहे. पहिल्या भेटीचं माझं ध्येय दारू सुटणं हे नसतं, दुसरी भेट होणं हे असतं. म्हणून तारीख आठवड्याच्या आतली देते आणि ती त्याच्या सोयीने ठरवते. रोजंदारीवरच्या माणसाला बुधवारी सकाळी अकरा म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडाली. बाजाराच्या दिवशी तो तालुक्याला येतोच, तर तो दिवस घ्या. 'पुढच्या वेळेपर्यंत बंद करून या' अशी अट घालत नाही, कारण जमलं नाही तर लाजेने तो येतच नाही. 'घेतली तरी या, घेतल्याचं सांगायला या' असं म्हणते. एक छोटं काम देते: रोजची मोजदाद कॅलेंडरवर, किंवा वर म्हटलेली डॉक्टरांची भेट.

फोन करायची परवानगी त्याच भेटीत घ्या. नंबर कुणाचा, बायकोने किंवा सेठने उचलला तर काय सांगायचं, कुठल्या वेळी करायचा. व्हॉट्सअ‍ॅपवर केंद्राचं नाव लिहू नका, मोबाइल घरभर फिरतो. आणि शक्य असेल तर निघण्यापूर्वी एखाद्या सोबर, म्हणजे दारू सोडून राहिलेल्या माणसाशी दहा मिनिटं गाठ घालून द्या. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात बरे झालेले पेशंटच पुढे कार्यकर्ते होऊन काम करताना दिसतात, त्यामागचं कारण तुम्हाला एकदा असं बोलणं घडवून आणलं की कळेल. आपण तासभर जे सांगतो ते 'मीपण त्याच अड्ड्यावर बसायचो' या एका वाक्यात उतरतं. केंद्रात असा कुणी नसेल तर जवळची एए मीटिंग कुठे, कुठल्या वारी भरते हे शोधून ठेवा. बायकोसाठी अल्-अनॉन हा पिणाऱ्यांच्या घरच्यांचा गट आहे. तो आला नाही तरी ती येऊ शकते, आणि ती येत राहिली तर पुष्कळदा काही महिन्यांनी तो मागून येतो.

त्याच २०१९ च्या पाहणीत आणखी एक आकडा होता: दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला कुठलातरी उपचार मिळालेला. तुमच्या खुर्चीत बसलेला माणूस, धरून आणलेला का असेना, त्या एकाच्या जागी आहे. न आलेल्याला म्हणून मी यादीतून काढत नाही. ठरल्या दिवशी आला नाही तर त्याच संध्याकाळी एक फोन, उत्तर नाही तर आठवड्याने दुसरा, आणि मग महिन्याने एक. दोन वर्षांनी स्वतःहून येणारेही असतात, दारात उभे राहून 'ओळखलं का ताई?' म्हणतात. त्यांना आत घेऊन बसवायचं, जुनी फाइल काढायची आणि पहिला प्रश्न तोच विचारायचा: शेवटची कधी घेतली?